रिगचा डिस्प्ले नीट वाचता यावा म्हणून: आधी उजेड, मग अंतर, सगळ्यात शेवटी रंग

नवी रिग, म्हणजे हॅम रेडिओचा संच, टेबलावर आली की बहुतेक जण पहिल्या अर्ध्या तासात रंग बदलून बघतात. पार्श्वभूमी काळी की निळी, आकडे साधे की गोल, वॉटरफॉल (सिग्नलचा खाली सरकत जाणारा रंगीत पट्टा) कुठल्या छटेचा. ते जमलं की सेटिंग झालं असं वाटतं. मग दुपारच्या नेटला (हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या गप्पांना) बसल्यावर पडद्यात मागची खिडकी दिसते, ७.०६५ मेगाहर्ट्झ आहे की ७.०८५ ते कळत नाही, आणि रात्री तोच पडदा डोळ्यांत खुपतो. त्यानंतर प्रश्न येतो, "डिस्प्लेला कुठला रंग चांगला?"

रंग शेवटी. त्याआधी उजेड, अंतर, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, अक्षर आणि स्कोप (सिग्नलचा आलेख), याच क्रमानं. खोलीतला उजेड बदलला की ब्राइटनेस बदलावा लागतो आणि ब्राइटनेस बदलला की रंग वेगळे दिसतात. म्हणून उलट्या क्रमानं गेलात तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सुरुवात करा, रात्रीपर्यंत सगळं होतं.

उदाहरणं मी मुख्यतः आयकॉम आयसी-७३०० ची घेतली आहेत, कारण आपल्याकडे ती बऱ्याच शॅकमध्ये (रेडिओच्या खोल्यांमध्ये) आहे. याएसूच्या छोट्या रिग आणि घरी जोडलेली किट यांच्यासाठी जिथे वेगळं करायला लागतं तिथे तसं लिहिलं आहे.

## सुरू करण्याआधी

हाताशी ठेवायच्या गोष्टी: मोजपट्टी, एक पांढरा कोरा कागद, डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), मोबाइलचा कॅमेरा, आणि तुम्ही रिगवर बसताना खरोखर वापरता तो चष्मा. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. वाचायचा चष्मा लावून सेटिंग करायचं आणि रोज लांबचा लावून बसायचं, याला अर्थ नाही.

कागदावर चार ओळी लिहा: ऑपरेट करताना माझी नजर सर्वांत जास्त कुठे जाते? बहुतेकांचं उत्तर फ्रिक्वेन्सी, मीटर, मोड आणि स्प्लिट (ऐकायची आणि बोलायची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी) किंवा आरआयटी (फक्त ऐकायची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवणं) चालू आहे का, हेच येतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर ही चारच ठिकाणं तपासायची. बाकीचा पडदा कसा दिसतो याची चिंता नको.

मग आत्ताचं सेटिंग जपून ठेवा. ७३०० मध्ये एसडी कार्ड आधी रिगमध्येच फॉरमॅट करा, नंतर मेनू, सेट, एसडी कार्ड, सेव्ह सेटिंग असं जाऊन फाइल करा. कार्ड नसेल तर डिस्प्लेच्या मेनूतल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

सावधान: काहीतरी बिघडलं म्हणून 'ऑल रीसेट' करू नका. त्यात मेमरी चॅनेलही जातात. पार्शल रीसेट वेगळा असतो आणि मेनूत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. निवडण्याआधी नाव दोनदा वाचा.

## १. खोलीतला उजेड

रिग बंद ठेवा आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसा. काळ्या पडद्याकडे बघा. त्यात जे दिसतंय, म्हणजे ट्यूबलाइट, खिडकी, तुमचा पांढरा शर्ट, ते सगळं रिग चालू केल्यावरही तिथेच असणार आहे, फक्त आकड्यांच्या मागे लपलेलं. याचा फोटो काढा. डोळा प्रतिबिंबाकडे लगेच दुर्लक्ष करायला लागतो, कॅमेरा करत नाही.

खिडकी पाठीमागे असेल तर ती पडद्यात दिसते. खिडकी रिगच्या मागे असेल तर डोळ्याची बाहुली त्या उजेडानं लहान होते आणि पडदा अंधारा वाटतो. दोन्ही वाईट. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं टेबल फिरवा. टेबल हलत नसेल तर निदान रिग दहा-पंधरा अंश तिरकी करा. प्रतिबिंब हटवायला अनेकदा तेवढं पुरतं. ट्यूबलाइट नेमकी डोक्यावर असेल तर ती बंद करून बाजूला एक टेबललॅम्प ठेवा, त्याचा झोत लॉगबुकवर पडेल आणि पडद्यावर पडणार नाही असा.

चकाकी कमी करणारी मॅट फिल्म चिकटवायची घाई नको. ती प्रतिबिंब पसरवते, पण बारीक अक्षरांच्या कडाही थोड्या धूसर करते. उजेडाची जागा बदलूनही भागलं नाही तरच फिल्म.

तपासणी: बंद पडद्याचा दुसरा फोटो काढा. आकडे येतात त्या जागी आता उजळ डाग नसावा. कोपऱ्यात राहिला तर चालेल.

पडदा पुसायला कोरडं मऊ फडकं. थिनर, बेंझिन, स्पिरिट यांपैकी काहीही नाही.

## २. अंतर, उंची आणि कोन

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना तीच सर्वांत जास्त उपयोगाची आहे.

डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. त्याला दोनशेनं भागा. जे येईल तेवढी तरी तुमच्या कामाच्या अक्षराची उंची हवी. ७० सेंटीमीटरवर बसत असाल तर साडेतीन मिलिमीटर, एक मीटरवर असाल तर पाच. आता मोजपट्टी पडद्याला टेकवून अक्षरं मोजा. ७३०० चा पडदा ४.३ इंची, म्हणजे साधारण ९५ मिलिमीटर रुंद आणि ५४ मिलिमीटर उंच. त्यावर फ्रिक्वेन्सीचे मोठे आकडे या हिशेबात सहज बसतात, पण मीटरखालचे आकडे आणि फिल्टरचं नाव बसत नाही. म्हणून एकच प्रश्न विचारा: माझ्या चार गोष्टींपैकी कुठली या मापात बसत नाही? ती बसत नसेल तर रिग पुढे ओढा. फॉन्ट बदलून हे भागत नाही.

पुढे ओढण्यात अडचण बहुधा मागच्या केबलींची असते. कोअॅक्स (अँटेनाची केबल) ताठ असते आणि रिगला मागे ढकलते. एक छोटा जंपर लावला, किंवा मागे काटकोनी कनेक्टर बसवला, की रिग पंधरा सेंटीमीटर पुढे येते. डिस्प्लेसाठी केलेला सर्वांत स्वस्त खर्च हाच.

आता उंची. आमच्या ओळखीतले एक ज्येष्ठ काका नेटवर अर्ध्या तासात मान दुखते म्हणून उठायचे. मी त्यांच्या मागे उभं राहून बघितलं. रिग पॉवर सप्लायवर, त्याच्यावर अँटेना ट्यूनर, आणि पडदा डोळ्यांच्या रेषेच्या वर. काकांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे जवळचं बघायचा भाग खाली. पडदा वाचायला त्यांना प्रत्येक वेळी हनुवटी वर उचलावी लागत होती, आणि ट्यूनिंग करताना ती तशीच वर राहत होती. रिग खाली टेबलावर आणली, पुढचे पाय उघडून पडदा थोडा वर कलता केला, सप्लाय टेबलाखाली गेला. पुढच्या रविवारी काका नेट संपेपर्यंत बसले होते.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या खालीच हवी. तरीही त्रास होत असेल तर मोजलेलं अंतर कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. वाचनाचा नंबर साधारण ४० सेंटीमीटरसाठी काढतात, रिग ७० वर असते. या मधल्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो.

कोनाचा मुद्दा किटवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचा. सोळा अक्षरी दोन ओळींचा एलसीडी एका ठरावीक दिशेनंच ठळक दिसतो, काही खालून आणि काही वरून. डबा टेबलावर सपाट ठेवून वरून बघणार आहात की उभा ठेवून समोरून, हे पॅनेलला भोक पाडण्याआधी ठरवा आणि मॉड्यूल हातात धरून दोन्ही बाजूंनी कलवून बघा.

तपासणी: पाठ खुर्चीला टेकलेली, मान सरळ, हात ट्यूनिंगच्या नॉबवर. या स्थितीत फक्त नजर हलवून चारही गोष्टी वाचता आल्या पाहिजेत.

## ३. ब्राइटनेस, दोन वेळांसाठी

ब्राइटनेस शंभर टक्के ठेवणं म्हणजे चांगलं दिसणं नव्हे. पडदा आजूबाजूच्या उजेडाइतकाच उजळ हवा.

पद्धत सोपी आहे. पांढरा कागद पडद्याच्या शेजारी उभा धरा. पडद्यावरचे पांढरे आकडे कागदापेक्षा दिव्यासारखे चमकत असतील तर ब्राइटनेस कमी करा. कागदापुढे ते मळकट वाटत असतील तर वाढवा. ७३०० मध्ये मेनू, सेट, डिस्प्ले यात एलसीडी बॅकलाइट आहे. दुपारी एक आकडा ठरवा, रात्री शॅकमधला नेहमीचा दिवा लावून दुसरा ठरवा, दोन्ही कागदावर लिहून रिगच्या बाजूला चिकटवा. दिवसाच्या आकड्यावर रात्रभर बसणं हीच डोळे चुरचुरण्याची नेहमीची खोड.

एफटी-९९१ए मध्ये पडद्याचा आणि बटणांच्या एलईडींचा डिमर वेगवेगळा आहे. पडदा मंद केला आणि एलईडी तशीच राहिली तर रात्री नजर तिकडेच खेचली जाते. दोन्ही एकत्र बदला.

एफटी-८१७ आणि ८१८ मध्ये बॅकलाइटला बंद, ऑटो आणि चालू असे तीन पर्याय आहेत. ऑटोवर ठेवलं की बटण दाबल्यावर काही सेकंद दिवा लागतो आणि विझतो. बॅटरीवर हेच योग्य. घरी सप्लायवर मात्र 'चालू' ठेवा, नाहीतर लॉग लिहून वर बघेपर्यंत पडदा अंधारलेला असतो.

गोंगाटाची तपासणी, न चुकता: बॅकलाइट मंद करण्यासाठी पुष्कळ उपकरणांत तो वेगानं चालू-बंद केला जातो, आणि त्यातून एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) गुरगुर येऊ शकते. अँटेना काढून डमी लोड लावा, ८० मीटरपासून १० मीटरपर्यंत एकेक बँड ऐका आणि प्रत्येक ठिकाणी ब्राइटनेस वरखाली करा. आवाज किंवा एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) बदलला तर तो आकडा टाळा. कंपनीच्या रिगमध्ये हे क्वचित सापडतं, बाहेरून लावलेल्या स्वस्त टीएफटी आणि ओएलईडी मॉड्यूलमध्ये बऱ्याचदा. तिथे मॉड्यूलच्या सप्लायला फेराइट आणि कपॅसिटर लावून तारा आखूड करा.

गाडीतली रिग असेल तर ब्राइटनेस गाडी उभी असतानाच ठरवायचा. चालवताना मेनू उघडायचा नाही.

## ४. कॉन्ट्रास्ट: किट आणि एकरंगी पडदे

रंगीत टीएफटी असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. यूबिटएक्स किटची जुनी आवृत्ती, क्यूसीएक्स किट, किंवा आर्डुइनोवर स्वतः बांधलेला व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलायचा भाग) असेल तर इथे थांबा, कारण "डिस्प्ले जळला" म्हणून फेकलेले कितीतरी डिस्प्ले ठणठणीत असतात.

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या यूबिटएक्सच्या सहाव्या आवृत्तीत रंगीत टच पडदा आला. त्याआधीच्या आवृत्त्यांत सोळा बाय दोनचा साधा एलसीडी आहे. या जातीच्या मॉड्यूलला तिसऱ्या पिनवर कॉन्ट्रास्टचं व्होल्टेज द्यावं लागतं, आणि ते एका प्रीसेटनं (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या छोट्या रेझिस्टरनं) ठरतं. प्रीसेट एका टोकाला असेल तर पडदा पूर्ण कोरा, दुसऱ्या टोकाला असेल तर काळ्या चौकटी. मधल्या थोड्याशा पट्ट्यातच अक्षरं दिसतात.

क्रम असा ठेवा:

१. वीज देण्याआधी मॉड्यूलवर छापलेली पिनांची नावं वाचा. बहुतेकांत पहिली पिन ग्राउंड आणि दुसरी पाच व्होल्ट असते, पण काही मॉड्यूलमध्ये पहिल्या दोन उलट असतात.

२. वीज द्या. दुसऱ्या पिनवर मीटरनं पाच व्होल्ट बघा. बॅकलाइट लागला म्हणजे डिस्प्लेला वीज पोचली असं समजू नका. बॅकलाइटच्या पिना वेगळ्या, पंधरावी आणि सोळावी.

३. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. पाच व्होल्टच्या मॉड्यूलमध्ये तिसऱ्या पिनवर साधारण अर्धा ते एक व्होल्ट असताना अक्षरं उमटतात. काळ्या चौकटी दिसू लागल्या की तिथून किंचित मागे या.

४. आता पडदा नीट बघा. फक्त वरच्या ओळीत भरीव चौकटी आणि खालची ओळ कोरी असेल तर कॉन्ट्रास्ट बरोबर आहे, पण डिस्प्लेला कंट्रोलरकडून सुरुवातीची आज्ञाच मिळालेली नाही. मग प्रीसेट फिरवत बसू नका. डेटाच्या तारा, सोल्डरिंग आणि प्रोग्रॅम तपासा.

बॅकलाइटच्या पिनेला मालिकेत रेझिस्टर आहे का तेही बघा. काही मॉड्यूलवर तो आधीच असतो, काहींवर नसतो. नसताना थेट पाच व्होल्ट दिले तर बॅकलाइट खूप तापतो आणि लवकर जातो.

कॉन्ट्रास्ट तापमानानुसार सरकतो. थंडीत पहाटे फिका, उन्हात काळपट. बाहेर नेणार असाल तर प्रीसेटपर्यंत स्क्रूड्रायव्हर पोचेल एवढं भोक डब्याला ठेवा. एफटी-८१७ किंवा ८१८ असेल तर कॉन्ट्रास्ट मेनूतच आहे. बाहेर निघण्याआधी तो आकडा कुठे असतो हे माहीत करून घ्या.

## ५. अक्षर आणि पडद्यावरची गर्दी

७३०० मध्ये डिस्प्ले फॉन्टला बेसिक आणि राउंड असे दोन पर्याय आहेत. कुठला चांगला हे सुंदर दिसण्यावरून ठरवू नका. व्हीएफओ ७.०३८, नंतर ७.०८६, नंतर ७.१६३ वर न्या आणि खुर्ची अर्धा मीटर मागे घ्या. ३, ६ आणि ८ लांबून ज्यात वेगळे कळतात तो फॉन्ट तुमचा.

नंतर गर्दी कमी करा. मेमरीची नावं लागत नसतील तर बंद. फिल्टर बदलल्यावर मध्येच उमटणाऱ्या पॉप-अप चौकटी नको असतील तर त्याही. मीटरवर बोट ठेवून धरलं की सगळे मीटर एकत्र उघडतात. नव्या माणसाला ते आवडतं, पण तो तक्ता स्कोपची जागा खातो. ट्रान्समिटवर एकच मीटर ठेवा, आणि अँटेना नवी असेल तर तो एसडब्ल्यूआरचा (अँटेना रिगशी किती जुळली ते दाखवणारा) ठेवा.

## ६. स्कोप आणि वॉटरफॉल

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. तक्रार एकच असते: "सगळा पडदा निळाच दिसतो", किंवा "सगळा पिवळा-लाल झालाय". रंग बदलून ते सुटत नाही, कारण ते रंगांचं काम नाही. आधी स्पॅन, मग वेग, मग रेफरन्स लेव्हल, असा क्रम धरा.

स्पॅन, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा. पडदा ४८० पिक्सेल रुंद आहे. आपल्याकडे ४० मीटरचा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. हे २०० किलोहर्ट्झ त्या रुंदीत बसवले तर एका पिक्सेलला सव्वाचारशे हर्ट्झच्या आसपास येतात. एसएसबीचा (एचएफवरच्या बोलण्याचा) पावणेतीन किलोहर्ट्झचा सिग्नल सहा-सात पिक्सेलचा, म्हणजे काचेवर जेमतेम सव्वा मिलिमीटर. तो दिसतो, पण त्याची कड धरून ट्यून करता येत नाही. तेच स्पॅन दहा किलोहर्ट्झ अधिक-उणे केलं की तो सिग्नल साठेक पिक्सेलचा होतो. म्हणून दोन दृश्यं तयार ठेवा. बँडवर कुठे हालचाल आहे ते बघायला फिक्स्ड मोड (दोन्ही कडा स्थिर), आणि ट्यून करायला सेंटर मोड (तुमची फ्रिक्वेन्सी मधोमध) छोट्या स्पॅननं.

फिक्स्ड मोडच्या कडा आपल्या बँडप्रमाणे भरा. स्कोपच्या सेट पानात फिक्स्ड एजेस आहेत, प्रत्येक पट्ट्याला एकाहून अधिक जोड्या भरता येतात. ४० मीटरला एक जोडी ७.००० ते ७.०४० मोर्ससाठी आणि दुसरी ७.००० ते ७.२०० पूर्ण बँडसाठी. जिथे आपल्याला ट्रान्समिट करायचा परवाना नाही असा भाग पडद्यावर ठेवून जागा वाया घालवू नका.

वेग. फास्टवर वॉटरफॉल पळतो आणि मोर्सचे ठिपके-रेघा सुट्या दिसतात. स्लोवर जुना इतिहास जास्त वेळ पडद्यावर राहतो. शांत बँडवर कुणी कधी आलं-गेलं ते बघायला स्लो, पाइल-अपमध्ये (एकाच स्टेशनला अनेक जण बोलावत असताना) फास्ट.

रेफरन्स लेव्हल, म्हणजे सगळा आलेख किती वर किंवा खाली बसवायचा. ही किल्ली आहे. ७३०० मध्ये ती उणे २० ते अधिक २० डीबीपर्यंत सरकते. अँटेना लावा, सिग्नल नसलेला भाग पडद्यावर आणा आणि रेफरन्स खाली घ्या, इतका की गोंगाटाची रेषा स्कोपच्या तळाला टेकून जरा दिसत राहील आणि वॉटरफॉलची पार्श्वभूमी जवळजवळ काळी होईल. मग हळूहळू वर घ्या आणि पार्श्वभूमीवर गडद निळे ठिपके दिसू लागले की थांबा. आता अशक्त सिग्नलची रेघ त्या काळ्यावर उठून दिसते. संपूर्ण पडदा निळा ठेवलात तर अशक्त रेघ त्यात बुडते.

संध्याकाळी ४० मीटरचा गोंगाट दुपारपेक्षा जास्त असतो, १० मीटर बहुतेक शांत. प्रीअॅम्प (सिग्नल वाढवणारा) किंवा अॅटेन्युएटर (कमी करणारा) बदलला की सगळी पातळी हलते. बँड बदलला, प्रीअॅम्प दाबला, की रेफरन्सकडे एकदा बघायचं, ही सवयच लावून घ्या.

पीक कलर लेव्हल. वॉटरफॉलमध्ये कुठल्या उंचीवर रंग पूर्ण तापायचा ते इथे ठरतं, ग्रिड १ ते ८. शेजारी दमदार स्टेशन असेल आणि त्याच्यापुढे बाकीचे दिसेनासे होत असतील तर हा आकडा खाली आणा. रेफरन्स नीट बसल्यावरच याला हात लावा, आधी लावलात तर दोघांची सरमिसळ होते आणि काय बिघडलं ते कळत नाही.

अॅव्हरेजिंग दोन किंवा तीनवर ठेवलं की स्कोपची थरथर कमी होते. मोर्सवाल्यांनी ते बंद ठेवावं, नाहीतर ठिपके विरघळतात.

तपासणी: कानाला जेमतेम ऐकू येणारं एखादं मोर्स स्टेशन शोधा. ते वॉटरफॉलवर दिसायला हवं. कानाला येतं पण डोळ्याला दिसत नसेल तर रेफरन्स अजून बरोबर नाही.

## ७. आता रंग

इथवर आलात तर रंगाचा निर्णय दहा मिनिटांचा आहे.

निळ्या रंगाचे बारीक आकडे काळ्यावर टाळा. डोळ्याच्या पडद्याच्या नेमक्या मध्यभागी, जिथे आपण वाचतो, तिथे निळा ओळखणाऱ्या पेशी नसतात, आणि निळा प्रकाश इतर रंगांच्या जागी फोकसही होत नाही. कडा म्हणूनच धूसर वाटतात. निळी पार्श्वभूमी आणि पांढरे आकडे हे चालतं, कारण वाचायचं पांढऱ्याचं असतं. ७३०० मध्ये डिस्प्ले टाइप ए म्हणजे काळी पार्श्वभूमी, बी म्हणजे निळसर. रात्री ए, भरपूर उजेडात बी, असा माझा अनुभव, पण पुढची चाचणी करून स्वतः ठरवा.

पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आता तुमच्या चार गोष्टी वाचता येतात का? येत असतील तर रंगसंगती ठीक आहे. नसतील तर फरक फक्त रंगाचा होता, उजळपणाचा नव्हता, आणि थकलेल्या डोळ्यांना तो पुरणार नाही. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही अशा मित्रानं तुमच्या रिगवर बसायचं असेल, तर ही चाचणी त्याच्यासाठीही पुरते.

एफटी-८५७डी मध्ये बॅकलाइटचे ३२ रंग आहेत आणि ते बँडप्रमाणे किंवा मोडप्रमाणे आपोआप बदलता येतात. इथे रंग खरोखर कामाला येतो: ४० मीटरला अंबर, २० ला हिरवा, २ मीटरला पांढऱ्याकडे झुकणारा. चुकीच्या बँडवर मायक्रोफोन दाबण्याआधी डोळा थांबवतो. एफटी-८१७ आणि ८१८ मध्ये निळा, अंबर आणि जांभळा एवढेच. रात्री अंबर.

## ८. बाहेर, उन्हात

घरचं सेटिंग बाहेर जसंच्या तसं चालत नाही. मी एकदा गडावर दुपारी बारा वाजता रिग उघडली आणि पडद्यावर काहीच दिसेना. ब्राइटनेस शंभरवर नेला, तरी अंधारच. फ्यूज बघितला, बॅटरीच्या तारा हलवल्या. दहा मिनिटांनी सोबतच्या मुलीनं विचारलं, "तुम्हाला खरंच दिसत नाही? मला दिसतंय की." माझ्या डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल होता. एलसीडीच्या पुढेही पोलराइझर असतो, आणि दोघांची दिशा आडवी आली की पडदा काळा होतो. बाहेर निघण्याआधी गॉगल लावून मान डावीकडे-उजवीकडे कलवून बघा. पडदा गडद होत असेल तर तो गॉगल रिगवर बसताना नको.

दोन जातींच्या पडद्यांची वागणूक उलटी असते. एलक्राफ्टच्या केएक्स२, केएक्स३ सारख्या रिगचा एकरंगी पडदा बाहेरचा उजेड परतवून दाखवतो, त्यामुळे ऊन पडलं की तो आणखी स्पष्ट होतो, आणि बॅकलाइट बंद करून बॅटरी वाचवता येते. रंगीत टीएफटीला मात्र सावली हवीच. फाइलच्या काळ्या पुठ्ठ्याचं तीन बाजूंचं टोपडं, दहा-बारा सेंटीमीटर खोल, वेल्क्रोनं लावलेलं, हे ब्राइटनेसच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त काम करतं. आतली बाजू चकचकीत नको. टोपड्यानं रिगच्या हवा जाण्याच्या फटी झाकू नका.

सावधान: बंद गाडीत, काचेखाली रिग ठेवू नका. फार तापलेला एलसीडी सगळाच काळवंडतो. थंड झाल्यावर बहुधा परत येतो, पण त्या अवस्थेत रिग चालू करू नका. ७३०० ला उणे १० ते अधिक ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालवायची मर्यादा दिलेली आहे.

काहीच वाचता आलं नाही तर ७३०० चं स्पीच बटण दाबा. रिग मीटरचं रीडिंग, फ्रिक्वेन्सी आणि मोड बोलून सांगते. दृष्टी अधू असलेल्या ऑपरेटरांसाठी ते रोजचं साधन आहे, आणि दुपारच्या उन्हात बाकीच्यांसाठीही. त्याचा आवाज किती मोठा ठेवायचा ते घरीच ठरवा.

## ९. संगणकाचा पडदा जोडला असेल तर

मूळ ७३०० ला बाहेरचा मॉनिटर लावायची सोय नाही, पण यूएसबीनं संगणकाला जोडून डब्ल्यूएफव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्कोप मोठा दिसतो. त्यासाठी सीआय-व्हीच्या (संगणकातून रिग चालवायच्या आयकॉमच्या पद्धतीच्या) यूएसबी पोर्टचा पर्याय रिमोट जॅकपासून 'अनलिंक' करावा लागतो आणि बॉड रेट (डेटाचा वेग) १,१५,२०० ठेवावा लागतो. हे दोन्ही न केल्यानं फ्रिक्वेन्सी येते पण स्कोप येत नाही.

डब्ल्यूएसजेटी-एक्स या डिजिटल मोडच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर मोठं करायची दोन बटणं आहेत, एक सर्वसाधारण फॉन्टचं आणि दुसरं डीकोड झालेल्या मजकुराचं. लोक पहिलं दाबतात आणि कॉल साइन मात्र बारीकच राहतात. दुसरं दाबा. वॉटरफॉल फिका वाटत असेल तर रंगांच्या यादीकडे जाण्याआधी नुसत्या गोंगाटावर इनपुट लेव्हल ३० डीबीच्या आसपास आहे का ते बघा, 'फ्लॅटन' वर खूण करा, मग झीरो आणि गेनच्या पट्ट्या सरकवा.

## १०. साठवण

पुन्हा सेव्ह सेटिंग करा, पण जुन्या फाइलवर नको. 'घर' आणि 'बाहेर' अशा दोन फाइली करा. सेट मेनूत, फंक्शन या भागात पॉवर बटणानं पडद्याचं चित्र घ्यायचा पर्याय चालू करता येतो. दिवसा आणि रात्री एकेक चित्र कार्डावर ठेवा. सहा महिन्यांनी कुणी काहीतरी बदललं आणि आधी कसं होतं ते आठवेना, तर तीच चित्रं उघडायची.

स्क्रीन सेव्हर तास-अर्ध्या तासावर ठेवा. घरी बांधलेल्या व्हीएफओत ओएलईडी असेल तर प्रोग्रॅममध्येच काही मिनिटांनी पडदा मंद होईल असं लिहा. एकाच फ्रिक्वेन्सीवर महिनोन्महिने ठेवलेल्या ओएलईडीवर त्या आकड्यांची फिकट छाप कायमची राहते, आणि ती पुसायचं कुठलंच सेटिंग नाही.